सी.बी.आर. नावाचं थोतांड

बारावी सायन्सच्या कुठल्याही मुलाचं केमिस्ट्रीचं जर्नल उघडा आणि टायट्रेशनचं पान काढा. सुबक आखलेला तक्ता दिसेल. पहिलं रीडिंग ९.६, दुसरं ९.६, तिसरं ९.६ आणि शेवटच्या रकान्यात सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, ९.६ मिली. खाली लाल सही. पान उलटा, पुढच्या टायट्रेशनलाही तेच. तिन्ही आकडे एका साच्यातून काढलेल्या गणपतींसारखे. शेजारच्या मुलाचं जर्नल उघडा. तिथेही तोच साचा.

आता मंडळी, आधीच सांगून टाकते, तीन रीडिंग सारखी येऊच शकत नाहीत असं माझं म्हणणं नाही. ब्युरेटवरची सगळ्यांत लहान खूण ०.१ मिलीची असते आणि एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. हात बसलेला असेल, काच स्वच्छ असेल, तर तीनदा ९.६ येतं. प्रश्न असा आहे की जर्नलातलं ९.६ येतं कुठून? ब्युरेटमधून क्वचितच येतं. ते गेल्या वर्षीच्या बॅचच्या जर्नलमधून येतं, पुढच्या टेबलावरच्या हुशार मुलीकडून येतं, कधीकधी खुद्द लॅब असिस्टंटकडून येतं. "आपल्याकडे परमँगनेटचं नऊ-सहा येतं" ही माहिती पिढ्यान्‌पिढ्या कँटीनमध्ये हस्तांतरित होते. मुलगा एकदा टायट्रेशन करतो, ९.९ येतं. तो ते खोडतो, ९.६ लिहितो, आणि ब्युरेट धुवायला घेतो कारण दुसरी बॅच दारात उभी आहे. दुसरं आणि तिसरं टायट्रेशन फक्त कागदावर होतं.

आमच्या नातेवाइकांत दोघं-तिघं कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. (ते हे वाचणार आहेत. वाचा.) त्यांच्याशी या विषयावर माझं गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक मुंजीत भांडण होतं. त्यांचं म्हणणं, मुलं लबाडी करतात, आम्ही काय करणार? माझं म्हणणं वेगळं आहे. मुलं लबाड नाहीत, आज्ञाधारक आहेत. तुम्ही त्यांना सांगितलंत की कॉन्स्टंट असायला हवा तो आकडा. त्यांनी आकडा कॉन्स्टंट केला. कॉन्स्टंट असायला हवं ते काचेचं भांडं आणि ते वापरायची रीत, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. ते सांगितलं असतं तर आकडा जो यायचा तो आला असता, आणि त्याचं जे म्हणणं असेल ते ऐकून घेता आलं असतं.

मी औषधांच्या एका कारखान्यात तेवीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. तिथे प्रत्येक पिपेटला नंबर असतो. प्रत्येक ब्युरेटला असतो, प्रत्येक स्टँडर्ड फ्लास्कला असतो. कुठल्या नंबरचं भांडं वापरलं ते वहीत लिहावं लागतं. कॉलेजातून नवीन आलेल्या पोरापोरींना याचं हसू यायचं. "मॅडम, पिपेट ते पिपेटच ना, दहा मिलीचंच सगळं!" या एका वाक्यात त्यांच्या पाच वर्षांच्या प्रॅक्टिकलांचं सार असायचं.

नाही बाळा. सगळं दहा मिलीचं नसतं.

दहा मिलीच्या पिपेटवर 'ए' किंवा 'बी' असं अक्षर असतं. ए क्लासच्या पिपेटला ०.०२ मिलीची सूट असते आणि बी क्लासच्याला ०.०४ मिलीची. म्हणजे ९.९६ मिली देणारं पिपेटही बी क्लासमध्ये पास आणि १०.०४ मिली देणारंही पास. दोघंही गुणी, दोघांवरही '१०' लिहिलेलं, आणि दोघांत ०.८ टक्क्यांचा फरक.

आता हिशेब करून बघा. कंटाळवाणा वाटला तरी करा, कारण माझं सगळं भांडण या हिशेबावर उभं आहे. ब्युरेटमध्ये परमँगनेट आहे, त्याची तीव्रता नक्की माहीत नाही. आधी आपण माहितीतलं, ०.१ मोलर फेरस अमोनियम सल्फेट पिपेटने फ्लास्कात घेतो आणि टायट्रेट करतो. ब्युरेट म्हणतं ९.६. मग अज्ञात तीव्रतेचं फेरस अमोनियम सल्फेट त्याच पिपेटने घेतो. ब्युरेट म्हणतं ८.४. अज्ञाताची तीव्रता किती? ०.१ गुणिले ८.४ भागिले ९.६, म्हणजे ०.०८७५ मोलर. या गणितात पिपेट कुठे आहे? कुठेच नाही. ते वर एकदा येतं, खाली एकदा येतं आणि कटतं. ते दहा मिलीचं असो, ९.९६ चं असो, की टोक झिजून ९.८ चं झालेलं असो, उत्तराला त्याची फिकीर नाही. तुमचं पिपेट खोटं बोलत असेल तरी दोन्ही वेळा तेच खोटं बोलतंय, आणि तेवढं पुरतं.

आता दुसऱ्या वेळेला पिपेट बदला. पहिलं ९.९६ चं होतं, ते शेजारच्याने नेलं, म्हणून तुम्ही ड्रॉवरमधलं १०.०४ चं उचललंत. ब्युरेट आता ८.४७ च्या आसपास थांबेल. तुम्ही ते ८.५ वाचाल आणि उत्तर येईल ०.०८८५. चूक कुणाची? दोन्ही पिपेटं नियमात होती, हात नीट चालला, एंड पॉइंट झकास फिका गुलाबी होता. तरी उत्तर एक टक्क्याहून जास्त चुकलं. कित्येक औषधांच्या कच्च्या मालाला ९९ ते १०१ टक्के एवढीच जागा असते. म्हणजे कारखान्यात हे झालं असतं तर चांगला माल नापास होऊन पडला असता, किंवा वाईट माल पास होऊन गोळ्यांत गेला असता.

जे पिपेटचं तेच रीतीचं. पिपेटच्या टोकाशी जो शेवटचा थेंब राहतो तो फुंकायचा नसतो. टोक फ्लास्कच्या काचेला टेकवायचं, क्षणभर थांबायचं, आणि उरलेला थेंब तिथेच सोडून द्यायचा, कारण पिपेट बनवणाऱ्याने तो हिशेबात धरलेला असतो. (फुंकायची पिपेटं वेगळी असतात, त्यांच्यावर तशी खूण असते.) हे बहुतेकांना शिकवतात. पण का, ते शिकवत नाहीत, त्यामुळे मुलगा एकदा फुंकतो, एकदा फुंकत नाही, एकदा घाईत झटकतो. एक थेंब म्हणजे दहा मिलीवर जवळजवळ अर्धा टक्का. प्रत्येक वेळेला फुंकणारा मुलगा कधी फुंकणाऱ्या आणि कधी न फुंकणाऱ्या मुलापेक्षा बरोबर उत्तराच्या जास्त जवळ जातो. हे वाक्य मी एकदा एका प्राध्यापक नातेवाइकाला ऐकवलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. पण खरं आहे. नेमाने केलेली चूक कटून जाते, लहरीने केलेली कटत नाही.

परमँगनेट गडद जांभळं असतं, त्याची खालची कड दिसत नाही, म्हणून वरची कड वाचायची. ठीक. पण वरची वाचलीत तर सुरुवातीलाही वरची आणि शेवटीही वरचीच. वजाबाकीत कडेची जाडी निघून जाते. सुरुवातीला वरची आणि शेवटी "साधारण मध्य" अशी वाचलीत तर ती जाडी उत्तरात येऊन बसते. डोळा दोन्ही वेळा त्याच उंचीवर. ब्युरेटच्या डोक्यावर ठेवलेलं फनेल काढून घ्यायचं, नाहीतर ते मधेच एक थेंब टाकतं. तोटीखाली बुडबुडा असेल तर आधी सोडवून घ्यायचा, नाहीतर तो टायट्रेशनच्या मधोमध सुटतो आणि त्याची जागा ब्युरेटमधलं द्रावण भरून काढतं, तेवढं रीडिंग फुकटचं वाढतं. आणि दर वेळी ब्युरेट शून्यापर्यंत भरायचं. मुलांना सांगतात की वजाबाकी सोपी जाते म्हणून. अहो, बारावीच्या मुलाला वजाबाकी येते! शून्यापासून सुरू करायचं ते अशासाठी की नळीचा तोच तुकडा दर वेळी वापरला जावा. ब्युरेटची नळी वरपासून खालपर्यंत अगदी एकसारखी नसते. शून्य ते दहा हा भाग पहिल्यांदा आणि तीस ते चाळीस हा भाग दुसऱ्यांदा वापरलात, तर एका अर्थी तुम्ही दोन वेगळी ब्युरेटं वापरलीत.

विसळण्याबद्दल तर बोलायलाच नको. ब्युरेट आणि पिपेट ज्या द्रावणाने भरायचं त्याच द्रावणाने विसळायचं, कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड पाण्याने. हा मंत्र सगळ्यांना पाठ असतो आणि तोंडी परीक्षेत एक्स्टर्नल हमखास विचारतात. पण प्रत्यक्षात तीन तासांत चाळीस मुलं, आणि नळाखाली धरलेलं ब्युरेट तसंच ओलं भरलं जातं. त्यात वाढलेलं पाणी दर वेळी वेगळं. फ्लास्कात पाणी चालतं कारण तिथे आपण मोजून टाकलेला पदार्थ किती आहे एवढंच महत्त्वाचं, तो किती पाण्यात पोहतोय ते नाही. हे एकदा समजलं की मंत्र पाठ करावा लागत नाही. तेलकट काचेचंही तसंच. वडापाव खाऊन आलेल्या हाताने ब्युरेट आतून-बाहेरून हाताळलं की द्रावण भिंतीला थेंब-थेंब चिकटून राहतं, आणि किती चिकटेल त्याला काही नियम नसतो.

थोडं विषयांतर. 'ब्युरेट' आणि 'पिपेट' हे शब्द रूढ केले फ्रान्सच्या गे-ल्युसॅकने, १८२० च्या दशकात. ज्या फेरस अमोनियम सल्फेटला आपण मोहर सॉल्ट म्हणतो, तो मोहर म्हणजे जर्मनीचा कार्ल फ्रीडरिश मोहर. त्याने १८५५ मध्ये टायट्रेशनवर मोठा ग्रंथ लिहिला आणि रबरी नळी व चिमटा लावलेलं ब्युरेट प्रचारात आणलं. गंमत अशी की परमँगनेट रबराशी भांडतं, त्यामुळे मोहरचं मीठ मोहरच्या ब्युरेटने परमँगनेटशी टायट्रेट करता येत नाही, काचेची तोटीच लागते. असो.

आता लॉग टेबल. बारावीला कॅल्क्युलेटर नाही, म्हणून मुलं लॉगचं पुस्तक घेऊन बसतात आणि ९.६ वरून परमँगनेटची तीव्रता काढतात, ०.०२०८३ मोलर. चार आकडे! रीडिंग ९.७ असतं तर उत्तर ०.०२०६२ आलं असतं आणि ९.५ असतं तर ०.०२१०५. म्हणजे ब्युरेटच्या एका रेघेने तिसरा आकडा हलतो, चौथा तर हवेतच आहे. पण लॉग टेबलमधून तो निघतो, म्हणून तो लिहायचा, आणि नाही लिहिला तर अर्धा मार्क कापायचा. एका बाजूला ब्युरेटवर खोटं रीडिंग आणि दुसऱ्या बाजूला त्या खोट्या रीडिंगचे चार दशमानी अलंकार. हसावं की रडावं!

या सगळ्यावर मला पहिलं उत्तर मिळतं ते पैशाचं. कॉलेजकडे फंड नाही, बोरोसिलचं ए क्लास काचसामान परवडत नाही, बाजारातलं स्वस्त माल येतो, मग अचूकता कुठून येणार? वर हिशेब दाखवला तो याच उत्तरासाठी. स्वस्त पिपेट चालतं, दोन्ही वेळा तेच असलं की झालं. उलट ए क्लासचं महागडं पिपेट आणि लहरी हात यांचा संसार टिकत नाही. आणि आणखी एक. त्या काचेवर २० अंश सेल्सिअस असं छापलेलं असतं, आपल्याकडच्या बऱ्याच काचेवर २७ अंश. याचा अर्थ काच त्या तापमानाला खरी. काच फारशी फुगत नाही, पण पाणी फुगतं. वीस अंशांचं पाणी पस्तीस अंशांना सुमारे ०.४ टक्के जास्त जागा व्यापतं. म्हणजे एसी असलेल्या खोलीत बनवलेलं द्रावण मार्च महिन्यात विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या लॅबमध्ये मोजलंत, तर दहा मिलीमागे ०.०४ मिलीची तफावत फुकट पदरात पडते. ए क्लासच्या सवलतीच्या दुप्पट! महाग काच इथे काहीच करू शकत नाही. ज्ञात आणि अज्ञात दोन्ही द्रावणं एकाच टेबलावर, एकाच दुपारी मोजलीत की हीसुद्धा तफावत कटते. त्याला फंड लागत नाही.

आणि आता मला जे खरंच बोलायचंय ते. तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या अर्ध्या टक्क्याचं?

लॉर्ड रेले नावाचा इंग्रज पदार्थवैज्ञानिक वायूंची घनता मोजत होता. पद्धत साधी. एक मोठा काचेचा गोळा, तो रिकामा करून तोलायचा, मग वायू भरून तोलायचा. तराजूच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच आकाराचा दुसरा गोळा, म्हणजे हवेचा उचल दोन्हीकडे सारखा. तो किती काटेकोर होता बघा. रिकामा केलेला गोळा बाहेरच्या हवेच्या दाबाने किंचित आक्रसतो आणि त्यामुळे वजनात फरक पडतो, हे त्याने १८८८ मध्ये दाखवून दिलं होतं. मग नायट्रोजनची पाळी आली. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून टाकून जो नायट्रोजन उरला तो गोळ्यात भरला की वजन यायचं २.३१०२ ग्रॅम. रासायनिक संयुगांपासून बनवलेला नायट्रोजन त्याच गोळ्यात भरला की सरासरी २.२९९३. फरक अकरा मिलिग्रॅमचा, म्हणजे अर्धा टक्का.

तोच गोळा होता. म्हणून तो अर्धा टक्का काचेच्या नावावर खपवता येईना. दोन वेगवेगळे गोळे वापरले असते तर "गोळ्यांत फरक असेल" म्हणून प्रकरण मिटलं असतं. तराजू तोच, रीत तीच. वेगळा होता तो फक्त वायू. रेलेने काय केलं? फरक पहिल्यांदा दिसला तेव्हाच, १८९२ मध्ये, 'नेचर'मध्ये पत्र लिहून रसायनवाल्यांना सरळ विचारलं की हे असं का येतंय, कुणाला काही सुचतं का. पुढे तो आणि विल्यम रॅम्से मिळून या अर्ध्या टक्क्याच्या मागे लागले आणि १८९४ मध्ये त्यांना आरगॉन सापडला. जी हवा आपण दिवसरात्र नाकात घेतो तिच्यात जवळजवळ एक टक्का असलेला, तोवर कुणाच्याही ध्यानात न आलेला वायू. १९०४ मध्ये रेलेला पदार्थविज्ञानाचं आणि रॅम्सेला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्याही आधी, १७८५ मध्ये, हेन्री कॅव्हेंडिशने हवेतला सगळा नायट्रोजन खर्ची घालून बघितला होता आणि एक चिमुकला बुडबुडा उरला, फार तर एकशेविसावा हिस्सा. त्याने तो बुडबुडा लिहून ठेवला. खोडला नाही. शंभर वर्षांनी तो उपयोगी पडला.

आता हीच वजनं आपल्या जर्नलच्या तक्त्यात बसवून बघा. पहिलं २.३१, दुसरं २.३०. सर म्हणणार, कॉन्स्टंट कर. मुलगा २.३१ दोनदा लिहिणार. लाल सही. आरगॉन गेला.

हे मी विनोदाने म्हणत नाही. न जुळणारा आकडा ही प्रयोगशाळेतली सगळ्यांत किमती वस्तू असते, आणि आपण सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ती पुसून टाकायचं रीतसर शिक्षण देतो. वर त्याचे मार्क देतो. लेखी सत्तर आणि प्रॅक्टिकल तीस, त्यातले तीस "मिळतातच" असं घराघरात म्हटलं जातं. मिळतात, कारण तिथे काही मोजलंच जात नाही. आई-वडिलांना तर त्याचं काहीच वाटत नाही. प्रवेश नीटवर नाहीतर सीईटीवर, तिथे पिपेट कुठे आहे? मला एका मावशींनी विचारलं होतं, "अगं, डॉक्टर होणार ती, तिला कशाला हवंय ब्युरेट?" मावशी, त्या डॉक्टरने लिहिलेल्या गोळीत किती मिलिग्रॅम औषध आहे ते कुणीतरी मोजलेलं असतं हो.

गोळी लांबची वाटत असेल तर दूध घ्या. आमच्या मामांच्या गावी, कराडकडे, दूध घालायला गेलं की फॅटवर पैसे. जुनी गर्बर पद्धत ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल. ब्युटिरोमीटरच्या नळीत १० मिली सल्फ्युरिक अ‍ॅसिड, त्यावर १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं आणि वर आलेल्या फॅटची उंची वाचायची. ते १०.७५ मिली दुधाचं पिपेट म्हणजे शेतकऱ्याचा पगार मोजायचं माप. त्याच्या टोकाचा टवका उडाला की दूध भसकन बाहेर पडतं, आतल्या भिंतीला जास्त चिकटून राहतं, आणि नळीत दूध कमी जातं. समजा पाव मिली कमी गेलं. मग ४.० फॅटचं दूध ३.९ दिसणार. सगळ्यांना तेच पिपेट असेल तर निदान सगळे सारखे बुडतील आणि संध्याकाळी एकत्र ताळा घेतला की चूक सापडेल. पण घाईच्या वेळी टेबलावर दोन पिपेटं, एक धड आणि एक टवका उडालेलं, आणि हाताला येईल ते उचललं जातं. मग कुणाच्या म्हशीला काय खायला घातलं यावर गावात चर्चा. आता बऱ्याच ठिकाणी यंत्र आलंय, कपात नळी बुडवली की आकडा दिसतो. पण ते यंत्र खरं बोलतंय की नाही हे ठरवायला बहुतेक ठिकाणी गर्बरच लागतं. म्हणजे फिरून पिपेटच.

यंत्रावरून आठवलं. "आता सगळं ऑटो-टायट्रेटर करतात, तुमचं ब्युरेट म्युझियममध्ये ठेवा," असं आमचा एक भाचा म्हणाला. आम्हीही ऑटो-टायट्रेटर वापरायचो. उघडून बघ रे बाळा, आत एक काचेचं सिलिंडर असतं आणि एक पिस्टन त्यातून द्रावण ढकलतो. ते ब्युरेटच आहे. त्यालाही पाणी तोलून कॅलिब्रेट करतात, त्याच्या नळीतही बुडबुडा अडकतो. फरक एवढाच की दहा वेळा तो तेच, तसंच करतो. म्हणजे माणसाने जे करायला हवं होतं पण केलं नाही, ते करण्यासाठी आपण लाखो रुपये मोजून यंत्र आणलं. आणि त्याच्यात घालायचा नमुना? पातळ करायला तो पिपेटने आणि स्टँडर्ड फ्लास्कनेच.

शेवटचं उत्तर वेळेचं आणि संख्येचं असतं, आणि ते मात्र मी गंभीरपणे घेते. एका बॅचला वीस-पंचवीस मुलं, काचसामान अपुरं, आणि वर 'ब्रेकेज'ची भीती. फुटलं की पैसे भरा. या ब्रेकेजनेच घात केलाय. टोकाचा टवका उडालेलं पिपेट मुलगा कुणाला दाखवत नाही, गुपचूप ड्रॉवरमध्ये सरकवतो. पुढच्या बॅचला ते मिळतं. पिपेटाला तोंड नाही, नंबर नाही, त्यामुळे कोणतं वाईट ते कुणालाच कळत नाही आणि सगळ्याच ड्रॉवरवरचा विश्वास उडतो. अशा ड्रॉवरमधून प्रामाणिक सी.बी.आर. येणारच नाही, मग मुलगा कँटीनमधलं ९.६ लिहितो. त्याच्या जागी मीही असते तर... नाही, मी नसतं लिहिलं, पण त्याचं दुःख मला समजतं.

तेव्हा माझ्या प्राध्यापक नातेवाइकांनो, फंड मागू नका, वेळ मागू नका. जूनमधलं पहिलं प्रॅक्टिकल टायट्रेशनचं ठेवूच नका. प्रत्येक मुलाला एक पिपेट द्या, एक कोरडी बाटली द्या आणि तराजूशी उभं करा. दहा मिली पाणी बाटलीत सोडायचं, तोलायचं, पुन्हा सोडायचं, पुन्हा तोलायचं, असं पाच वेळा. २७ अंशांना खऱ्या दहा मिली पाण्याचं वजन हवेत सुमारे ९.९५५ ग्रॅम भरतं, दहा नाही. ज्याच्या पाण्याचं वजन बरोब्बर दहा भरेल त्याचं पिपेट मोठं आहे. हा एवढा धक्का मुलांना वर्षभर पुरेल. दोन दशांश स्थळांचा तराजूही चालेल. पाच वजनं एकमेकांच्या किती जवळ आली त्यावरून मुलाला स्वतःचा हात कळेल, आणि सरासरीवरून पिपेट कळेल. मग त्या पिपेटाला नंबर द्या आणि वर्षभर ते त्याच मुलाला द्या. जर्नलच्या तक्त्यात दोन रकाने वाढवा, पिपेट क्रमांक आणि ब्युरेट क्रमांक. टवका उडालेलं पिपेट जो स्वतःहून आणून देईल त्याला ब्रेकेज माफ.

नंबर घालायला डायमंड पेन्सिल लागते, लॅबचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. ती नसेल तर पिपेटच्या वरच्या टोकाला रंगीत टेप गुंडाळली तरी भागतं. फक्त ती खुणेच्या वर, तोंडापासून थोडी खाली लावा, म्हणजे बल्ब बसवताना निघत नाही.